म्हापशातील वंशभेदविषयक कार्यशाळा: दुपारनंतर रंगलेली

गेस्ट हाउस चालवणाऱ्यांसाठी एका स्वयंसेवी संस्थेने गोव्यातील म्हापशात घेतलेल्या वंशभेदविषयक एकदिवसीय कार्यशाळेचे शुल्क जेवणासह 800 रुपये होते. ते वसूल झाले, पण दुपारच्या सत्रांमुळे.

सकाळ अमेरिकेतल्या चित्रफितींत गेली. त्या वाईट नव्हत्या. परंतु कळंगुट-हणजूण पट्ट्यात खोल्या भाड्याने देणाऱ्याला त्यांत आपले असे काही सापडत नाही. ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला आणि मग राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली, हे सभागृहातल्या बहुतेकांना आठवत होते. त्यावर चर्चा मात्र जेवणाची घंटा होईपर्यंतच.

दुपारी एका वकीलबाईंनी कायदा सांगितला, तो नेमका आणि अनाठायी दिलासा न देता. घटनेच्या कलम 15 नुसार वंशाच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही, पण हे संरक्षण नागरिकांना आहे. म्हणजे मणिपूरच्या पाहुण्याला ते मिळते, घानाच्या पाहुण्याला नाही. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत नीदो तानिया या अरुणाचली विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी स्वतंत्र फौजदारी तरतूद सुचवली होती, हेही त्यांनी सांगितले.

खरी कमाई होती ती सरावाची. एकाने दलाल व्हायचे, दुसऱ्याने घरमालक. दलाल फोनवर म्हणतो, "पार्टी पैसेवाली आहे, पण आफ्रिकन आहे हां, चालेल ना?" सुरुवातीला बहुतेकांनी हसून वेळ मारून नेली, काहींनी "पोलिसांची कटकट नको" हे नेहमीचे कारण पुढे केले. त्यावर प्रशिक्षकांनी शांतपणे विचारले की, परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म रशियन पाहुण्याचाही 24 तासांत भरावा लागतो, मग कटकट नक्की कशाची? अखेरीस जे उत्तर सर्वांकडून घोटून घेतले गेले ते साधे होते: "पासपोर्ट, व्हिसा आणि डिपॉझिट सगळ्यांना सारखेच. ते असेल तर पाठवा." न भांडता, प्रवचन न देता दलालाला असे सांगण्यासाठी थोडी जीभ वळावी लागते, आणि ती इथे वळवून घेतली जाते.

उणीव मोठी आहे ती जातीच्या बाबतीत. बांधकामावरच्या कानडी मजुरांना सर्रास 'घाटी' म्हणून हिणवले जाते आणि खोली देण्याआधी आडनाव विचारले जाते, हा मुद्दा एका सहभागी बाईंनी काढला, तेव्हा "तो वेगळा विषय आहे" असे उत्तर मिळाले. मला ते पटले नाही. दार बंद करणारा हात तोच असतो. शिवाय पुस्तिका केवळ इंग्रजीत आहे. पाहुण्याशी पहिले बोलणे होते ते रिसेप्शनवरच्या मुलांचे, आणि ती कोकणी, मराठी, हिंदी बोलतात. मराठी-कोकणी पुस्तिका निघाली, तर पुढच्या तुकडीला मी त्यांनाच पाठवीन.