चेन रिपेअर किट: आठ महिने वापरून काय वाटलं

सॅकची चेन वर ओढली की मागून परत उघडी पडायची, म्हणून हा चेन रिपेअर किटचा डबा मागवला होता, त्याला आता आठेक महिने झाले. तेवढ्यात घरातल्या सहा चेन्सवर हात चालवून झालाय, पाच अजून मस्त चालतायत आणि एक फसली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

डब्यात वेगवेगळ्या मापाचे रनर (चेन लावताना-उघडताना सरकवतो तो तुकडा) आहेत, टोकाला लावायचे स्टॉपर, ओढायच्या पट्ट्या आणि एक छोटी पक्कड. रनर खरंच चांगले निघाले, गुळगुळीत आहेत, कुठे खरखर नाही. पक्कड मात्र लेचीपेची, तोंडच नीट मिटत नाही, दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवली आणि घरातली घेतली. आणि धातूच्या चेनचे रनर ढीगभर दिलेत, नायलॉन कॉईलचे, म्हणजे सुट्या दातांऐवजी नायलॉनचं वेटोळं असलेल्या चेनचे, मोजून पाच, हे उलटं हवं होतं, कारण बॅग म्हणा ड्रेस म्हणा, बहुतेक सगळीकडे कॉईलवालीच चेन असते.

पण किट उघडायच्या आधी एक करून बघा. चेन मिटत नाही म्हणजे दात गेले असं आपण धरून चालतो आणि वस्तू टाकून देतो, मला याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा दात शाबूत असतात, झिजलेला असतो तो रनर. त्याच्या आत दोन वाटांची एक वाट होते, दोन्हीकडचे दात त्या वळणावर बरोबर कोनात येऊन एकमेकांत बसतात, 1913 मध्ये गिडियन सुंडबॅक या इंजिनिअरने बसवलेली हीच रचना आजही चालू आहे. ओढून ओढून रनरच्या वरच्या-खालच्या पत्र्यातली फट वाढते, मग दातांवर दाब येत नाही आणि ते नुसते शेजारून निघून जातात. त्यामुळे आधी रनर उघड्या टोकाला न्यायचा, मिटलेली चेन जिथून बाहेर पडते ती बाजू पकडीत धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अगदी हलकं दाबायचं, सरकवून बघायचं, नाही जमलं तर परत थोडं. एकदम जोर लावू नका. हे रनर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वाकत नाहीत, तडकतात, माझा एक असाच टक् करून गेला. सहापैकी दोन चेन्स नुसत्या दाबण्यानेच सुधारल्या.

सॅकला मात्र नवा रनर लागला. शेवटाची शिलाई दोन बोटं उसवली, जुना काढला आणि नवा चढवला, आणि इथे घाई केली की सगळं बिघडतं, दोन्ही पट्ट्या एकाच वेळी अगदी सारख्या आत जायला हव्यात, एका बाजूचा एक दात जरी पुढे गेला तरी वर पोचेपर्यंत चेन फुगून वाकडी होते. मला तिसऱ्या वेळी जमलं. किटमधला स्टॉपर सैल बसत होता म्हणून टोकाला जाड दोऱ्याने सात-आठ टाके घातले, ते अजून तसेच आहेत.

फसलं ते जॅकेट. रनर उलटा केला की पाठीवर आकडा दिसतो, 3, 5, 8, 10 वगैरे, तो म्हणजे साधारण मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी. मी 5 बघून 5 लावला, पण जॅकेटची चेन जाड प्लास्टिकच्या दातांची आणि रनर कॉईलचा, चढला बिनबोभाट आणि दोन दिवसांनी मधूनच फाटली. आकडा सारखा असला तरी धातू, कॉईल आणि प्लास्टिकचे रनर वेगळे असतात आणि डब्यावर हे कुठेही लिहिलेलं नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. काही रनरवर आकड्यापुढे सी किंवा व्ही असतं, सी म्हणजे कॉईल आणि व्ही म्हणजे ते जाड दातांचं प्लास्टिक.

सोबत मेणाची कांडी पण आहे, घट्ट चालणाऱ्या चेनवर घासायला. छान चालते, पण साधी मेणबत्तीही तेच काम करते, धातूच्या दातांना पेन्सिलचं शिसं. तेल नका लावू, कपड्याला डाग पडतो आणि धूळ चिकटून चेन आणखी अडते. अस्तर अडकलं असेल तर यातलं काहीच लागत नाही, रनर पुढे न रेटता कापड बाजूला ताणून धरायचं आणि रनर हळूहळू मागे आणायचा.

घ्यायचा असेल तर आधी घरातल्या बिघडलेल्या चेन्सचे आकडे आणि प्रकार टिपून ठेवा आणि 5 नंबर कॉईलचे रनर जास्त असतील असा डबा बघा. जॅकेटसाठी व्हीवाला रनर सुटा मागवलाय, बसला की इथेच सांगते.