न्यूरो रिहॅब सेंटर, बेळगाव : थेरपीला पाच स्टार, बोटांच्या ठशांना शून्य

थेरपीसाठी डोळे झाकून जावा, पण काउंटरवर बोटांच्या ठशांचं जे पॅकेज गळ्यात मारायलेत ते घेऊ नका. सेंटरचं नाव घालत नाही, कौतुक आणि शिव्या दोन्ही आहेत म्हणून.

पेशंट म्हणजे आमचे मामा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर. बाईकवरनं पडले, हेल्मेट नव्हतं, कपाळामागच्या भागाला मार बसला. आता चालायलेत, बोलायलेत, येणारे पाहुणे म्हणतात बरे झाले की ओ, पण मामीला विचारा, चहाचं आधण ठेवतात आणि दूध आणायला म्हणून गॅस तसाच सोडून बाहेर पडतात. ठरवणं, क्रम लावणं, मधेच बदल करणं ही सगळी कामं मेंदूच्या त्याच पुढच्या भागाची.

तिथल्या थेरपिस्ट ताई घरात कन्नड बोलणाऱ्या, पण आमच्याशी मस्त मराठीत. पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलल्या, मेलेल्या पेशी परत येतील या आशेवर बसू नका, मार बसलेल्या जागी तसं होत नाही. सुरुवातीला जी झपाट्यानं सुधारणा दिसते ती बरीचशी सूज उतरल्यामुळं आणि पुढची सुधारणा उरलेल्या पेशी एकमेकींशी नवीन जोडण्या करतात त्याच्यामुळं, आणि त्या जोडण्या तेच काम परत परत केल्याशिवाय होत नाहीत. त्यामुळं गोळ्यांपेक्षा सराव जास्त. मला हा सरळपणा लई आवडला.

टेस्टपण बघण्यासारखी. मोका म्हणतात, लक्ष, आठवण, विचार तपासणारी, ३० मार्कांची. घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा असं सांगितलं. मामांनी गोल झकास काढला, आकडे जागच्या जागी, आणि काटे लावले एक दहावर, एक अकरावर! कानावर पडलेला आकडा हातानं उचलला, मिनिटाचा काटा दोनवर न्यायचा हा विचार मधे आलाच नाही. ताई म्हणाल्या ही अशी चूक बऱ्याच जणांची होते.

खरी मजा बाजारात. १९९१ साली लंडनच्या शॅलिस आणि बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी असे पेशंट दाखवले होते की टेबलावर पेपर चांगला सोडवतात पण दुकानात पाठवलं की गोंधळ. त्याच धर्तीवर ताईंनी मामांना गणपत गल्लीत सोडलं, पाव किलो कुंदा, सुईदोरा, पोस्टाचं तिकीट, एका दुकानात दोनदा शिरायचं नाही, पैसे ठरलेले. ताई मागनं वही घेऊन. मामा कुंदा घेऊन तिथंच ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत बसले, पोस्ट बंद झालं. नंतर नंतर ते स्वतःच चिठ्ठीवर आधी काय बंद होतंय ते लिहायला लागले, ते बघून बरं वाटलं.

आता शिव्या. फॅक्टरीवाल्यांनी विचारलेलं, मामा परत माणसं सांभाळू शकतील का, लिहून द्या. काउंटरवरचा पोरगा लगेच, सर आमच्याकडं डीएमआयटी आहे, दहा बोटांचे ठसे घेतो, लीडरशिप, टीम मॅनेजमेंट सगळं टक्क्यात येतं. घेतला ओ रिपोर्ट मामेभावानं, रंगीत फाईल, लीडरशिप एकदम हाय. अरे बाबा, बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात, अपघाताच्या आदल्या दिवशी ठसे घेतले असते तरी हाच रिपोर्ट आला असता! डोकं फुटलेलं ज्या टेस्टला कळत नाही ती माणसाचं नेतृत्व काय मोजणार?

सुपरवायझरला करायचं काय असतं, भट्टीत धातू तयार होतोय, साचे अजून अर्धेच झालेत, क्रेनवाला जेवायला गेलाय, दोन पोरं आलीच नाहीत, आता कुणाला कुठं लावायचं, का ओतणं थांबवायचं. हे बघायचं तर उभं राहूनच बघायला पाहिजे. ताईंनी तेच केलं, फॅक्टरीवाल्यांना फोन करून साध्या कागदावर लिहून दिलं की अर्धी शिफ्ट, आधी फक्त मोल्डिंगची म्हणजे साचे करायची लाईन, भट्टी आणि क्रेन नको, सोबत एक जुना माणूस, आणि हाताखालच्या पोरांना दर आठवड्याला विचारा की सूचना नीट मिळायल्यात का, मामा चिडायलेत का. या कागदाचे वेगळे पैसे घेतले नाहीत, रंगीत फाईलचे मात्र साडेतीन हजार.

लिफ्ट सारखी बंद असते, व्हीलचेअरवाल्यांचे लई हाल. जाणार असाल तर सकाळची वेळ मागून घ्या, दुपारनंतर पेशंट थकलेला असतो आणि ताईपण.