रॅट टेल कोलॅजेन : आठ महिने वापरल्यावर

आमचं काम रॅटच्या लिव्हरमधून काढलेल्या हेपॅटोसाइट्सवर, म्हणजे लिव्हरच्या मुख्य सेल्सवर. सुरुवातीला काटकसर म्हणून साध्या प्लेट्सवर लावून बघितल्या, चार-पाच तासांनी मीडिया (सेल्सचं पोषक द्रव) बदलला की निम्म्या सेल्स वेस्टच्या बाटलीत. मग सेल्स चिकटून राहाव्यात म्हणून प्लेटच्या तळाला लावायचं प्रोटीन, कोलॅजेन टाइप वन मागवलं, उंदराच्या शेपटीतलं.

बाटली उघडली तर आत एकतारी पाक! पिपेटच्या टिपने भसकन ओढलं की बुडबुडे आणि अर्धं टिपलाच चिकटलेलं, त्यामुळे हात संथ हवा. आमच्या लॉटला ३ मिग्रॅ प्रति मिली होतं (लेबल बघाच, लॉटगणिक बदलतं), त्यातलं १६७ मायक्रोलिटर घेऊन ०.०२ नॉर्मल ॲसेटिक ॲसिडमध्ये १० मिली करायचं, सिक्स वेल (सहा खळग्यांच्या) प्लेटच्या प्रत्येक वेलला १ मिली, म्हणजे सेंमी वर्गाला साधारण ५ मायक्रोग्रॅम पडतं, तासभर हुडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) तसंच ठेवून मग काढून टाकायचं.

आणि इथेच मी दोन महिने माती खाल्ली. पीबीएसने (क्षारांचं न्यूट्रल बफर) एकदाच धुवायचो, घाई हो. मीडिया टाकला की गुलाबीचा पिवळा व्हायचा आणि मी बिचाऱ्या मीडियाला शिव्या घालत बसायचो, राहिलेलं ॲसिड लक्षातच येईना. आता तीनदा धुतो, प्लेट तिरकी करून कडेचा थेंबसुद्धा ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी सेल्स मस्त चपट्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, कडा चमकतात, काहींत दोन-दोन न्यूक्लियस. ते बघितलं की शिणवटा जातो.

एक बाटली मात्र फुकट गेली. ज्युनिअरने काळजीपोटी उणे २० मध्ये ठेवली, वितळल्यावर आत पांढुरके धागे. हे फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीलाच, गोठवायचं नाही म्हणजे नाही. सप्लायरकडूनही एकदा पार्सल आलं त्यात आइस पॅकचं कोमट पाणी झालेलं, तक्रार केली तर 'चालतं सर' म्हणे. ॲसिडमध्ये असल्याने जेल झालं नव्हतं, पण त्या लॉटवर महत्त्वाचं काही लावायची छाती झाली नाही.

तयार कोटेड प्लेट्स पण वापरल्यात, झंझट शून्य, पण किंमत बघून पीआय (लॅबप्रमुख) सरांचा चेहरा पडतो. बोवाइनवालं (गाईगुरांचं) कोलॅजेन पेप्सिन एन्झाइमने काढलेलं असतं, टेलोपेप्टाइड म्हणजे रेणूच्या टोकाचे छोटे तुकडे गेलेले, त्यामुळे जेल सावकाश होतं असं वाचलंय. पुढच्या महिन्यात थ्रीडीसाठी (जेलच्या आत सेल्स वाढवायला) त्याची लहान बाटली घेतोय, प्लेटला मात्र शेपटीवालंच.