परदेशातून गाडीचा पार्ट मागवायचाय? कुरिअर, पोस्ट, जहाज की ओळखीच्याची बॅग

जुनी पजेरो, एंडेव्हर नाहीतर क्रूझ मुंबईत सांभाळणाऱ्या माणसाला हे कधी ना कधी ऐकावंच लागतं की पार्ट मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. शेवरलेटने २०१७च्या शेवटी इथली विक्री बंद केली, फोर्डने २०२१मध्ये इथे गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, मित्सुबिशीचं तर विचारूच नका. मग आपण पार्ट नंबर टाकून शोधतो आणि जपान, दुबई, अमेरिका कुठेतरी तोच पार्ट इथल्या निम्म्या भावात दिसतो. तो भाव खरा असतो, फक्त तो तिथल्या दुकानाच्या काउंटरवरचा भाव असतो, अंधेरीतल्या गॅरेजमध्ये पार्ट हातात येईपर्यंत किती होईल हे ठरतं तो कुठल्या रस्त्याने येतो त्यावर. आणि माझं मत स्पष्ट आहे, लोक ड्युटीला घाबरतात पण कस्टम्सचा मालाचा कोड तोच लागला तर टक्के कुठल्याही रस्त्याने तेच असतात, खरा फरक पाडतात दोन गोष्टी, खोक्याचं माप आणि क्लिअरन्सचा म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्याचा फिक्स खर्च.

आधी ड्युटीचा हिशोब बघून घेऊ कारण तो सगळीकडे लागतो. कारचे बरेचसे पार्ट ८७०८ या कोडखाली येतात, त्यावर बेसिक ड्युटी १५ टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे दीड टक्का, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. आयजीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५पासून ऑटो पार्टवर १८ झाला. आयजीएसटी नुसत्या मालावर नाही तर ड्युटी मिळवलेल्या आकड्यावर लागतो, म्हणून एकूण ३७.४७ टक्के होतात. पूर्वी हेच ४९ टक्क्यांच्या वर जात होतं, म्हणजे कोणी जुना हिशोब दाखवून "दीडपट पडतं" म्हणत असेल तर तो आकडा आता खरा नाही.

हे टक्के नुसत्या पार्टच्या किमतीवर लागत नाहीत, किंमत अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स यावर लागतात. पण इथे एक नियम आहे जो आपल्या फायद्याचा आहे आणि फार कमी लोक बघतात, माल विमानाने आला तर शिपिंग कितीही लागलेलं असो, ड्युटीसाठी ते पार्टच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. समजा पार्ट २०,००० रुपयांचा आणि कुरिअरने शिपिंगचे ९,००० घेतले. ड्युटीसाठी शिपिंग धरायचं ४,०००, इन्शुरन्सचा कागद नसेल तर १.१२५ टक्के म्हणजे २२५, झाले २४,२२५, त्याचे ३७.४७ टक्के म्हणजे ९,०७७. पूर्ण ९,००० धरले तर ड्युटी १०,९५१ होते. पावणेदोन हजारांच्या वर फरक, तोही एका पार्टमागे, म्हणून कुरिअरवाल्याकडून बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे कस्टम्समधल्या आयातीच्या कागदाची, कॉपी मागून हा आकडा बघायचाच. वर डॉलरचा भाव गूगलवरचा धरू नका, कस्टम्सचा स्वतःचा जाहीर केलेला दर असतो, आणि कार्डाने पैसे भरले की बँकेचा फॉरेन करन्सी मार्कअप वेगळा लागतो आणि त्या मार्कअपवर जीएसटीही. जकात तेवढी २०१७मध्ये गेली, नाहीतर मुंबईत तीही याच्यावर चढायची.

आता कुरिअर. डीएचएल, फेडेक्स, यूपीएस यांचं सुख असं की आठवड्याभरात पार्ट दारात, क्लिअरन्स तेच करतात, आपण केवायसीसाठी आधार नाहीतर पॅन द्यायचं आणि ड्युटीची लिंक आली की भरायची. सेन्सर, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), गॅस्केट किट, ट्रिमची क्लिप असल्या छोट्या मालाला माझ्या मते दुसरा विचारच करू नये. पण कुरिअर नुसतं काट्यावरचं वजन धरत नाही, खोक्याची लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात आणि ते आणि खरं वजन यात जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. सेन्सरचं खोकं १५ बाय १० बाय १०, ते बसतं ३०० ग्रॅममध्ये. हेडलाइटचं खोकं ८० बाय ५० बाय ४० धरा, आत दिवा पाच किलोचा पण बिल ३२ किलोचं. बंपर १७० बाय ५० बाय ४०, उचलायला एक माणूस पुरतो आणि बिल ६८ किलोचं, मग पार्टपेक्षा भाडं जास्त होणारच. त्यामुळे सेलरला ऑर्डरच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, पॅक केलेल्या खोक्याचं माप काय, आणि तो "डझन्ट मॅटर" म्हणाला तर दुसरा सेलर बघायचा. ड्युटी आपल्या वतीने आधी भरल्याची फी कुरिअर वेगळी लावतं आणि तिच्यावर पण जीएसटी, छोट्या पार्टला ती टोचते, म्हणून तीन-चार छोटे पार्ट एकाच ऑर्डरमध्ये घेतलेले परवडतात.

पोस्टाकडे लोक बघत नाहीत आणि मला वाटतं चुकतात, निदान जपानमधून मागवणाऱ्यांनी तरी. जपान पोस्टचं ईएमएस, म्हणजे त्यांचं परदेशी स्पीड पोस्ट, खरं वजन धरतं, खोक्याचं माप गुणत नाही, मर्यादा ३० किलो, सगळ्यात लांब बाजू दीड मीटर, आणि लांबी अधिक घेर मिळून ३ मीटर. आता तेच हेडलाइटचं खोकं घ्या, लांबी ८०, घेर १८०, मिळून २६० सेंटिमीटर, आरामात बसतं आणि बिल पाच-सहा किलोचं. कुरिअरला ३२. बंपर मात्र दीड मीटरलाच अडतो. माल बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात असेस होतो, ड्युटी डिलिव्हरीच्या वेळी भरायची, पोस्टाची फी कुरिअरच्या मानाने किरकोळ. तोटा एवढाच की वेळेचा भरवसा नाही, शंका आली तर कागद मागणारं पत्र येतं आणि तुम्ही इन्व्हॉइस, पेमेंटचा पुरावा देईपर्यंत पार्सल तिथेच. गाडी रस्त्यावर चालू असेल आणि पार्ट दोन-तीन आठवडे उशिरा आला तरी चालणार असेल तर पोस्ट घ्या, गाडी जॅकवर उभी असेल तर नको.

पोस्टाने किंवा विमानाने स्वतःच्या वापरासाठी आलेल्या मालाला ८७०८ऐवजी ९८०४ हा पर्सनल वापराचा कोडही लागतो, त्याचा दर बजेटमध्ये बदलत आलेला आहे, तेव्हा ऑर्डर टाकायच्या दिवशी दोन्ही कोडांचे दर उघडून बघा आणि कुरिअरला आधीच विचारा की कुठला लावणार. स्वतःच्या वापरासाठी आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर लागत नाही, त्याची काळजी सोडा. आणि सेलर म्हणाला "गिफ्ट लिहितो" तर नाही म्हणा, डिसेंबर २०१९पासून गिफ्ट म्हणून माल सोडवणं बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. किंमत कमी लिहायला पण सांगू नका, कस्टम्सला ती नाकारायचा अधिकार आहे, माल अडकतो, दंड बसतो, आणि पार्ट फुटून आला तर इन्शुरन्स कमी लिहिलेल्या रकमेचाच मिळतो.

बंपर, बॉनेट, दरवाजा, गिअरबॉक्स, असलं काही असेल तर जहाज. एलसीएलमध्ये आपला माल दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये येतो, भाडं घनमीटरवर. समुद्राचं भाडं ऐकून माणूस खूश होतो, कारण ते खरंच स्वस्त असतं, पण खर्च न्हावा शेवा बंदरात उतरल्यावर सुरू होतो. डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे, टर्मिनलचे, सीएफएसचे म्हणजे जिथे कंटेनर उघडून माल वेगळा करतात तिथले, क्लिअरिंग एजंटची फी, मग तिथून घरापर्यंत टेम्पो. यातलं बरंचसं फिक्स आहे, तुम्ही एक बंपर आणा की दोन दरवाजे आणि एक बॉनेट पण आणा, आणि भाडंसुद्धा बहुतेक ठिकाणी किमान एक घनमीटरचं धरतात. वरच्या मापाचा बंपर ०.३४ घनमीटर आहे, म्हणजे दोन तृतीयांश जागेचे पैसे हवेचे जातात. त्यात फ्री डेज म्हणजे माल फुकट ठेवायचे दिवस संपले की रोजचं भाडं चढतं, कागद अपुरे असले तर हेच जास्त दुखतं. माझा सल्ला, जहाज एकट्याने करू नका, त्याच मॉडेलवाले तीन-चार जण मिळून घनमीटर भरा, आणि एजंटकडून उतरल्यानंतरचे सगळे चार्जेस आधी लेखी घ्या, नुसतं भाडं नको. विमानाची ती २० टक्क्यांची मर्यादा इथे लागत नाही, पण समुद्राचं भाडं कमी असल्याने फारसं बिघडत नाही.

दुबईहून "डोअर टू डोअर, किलोला इतके, ड्युटी आमच्यात" म्हणणारेही भेटतात. बिल ऑफ एन्ट्री देणार का एवढंच विचारा. नाही म्हटलं तर सोडून द्या, कारण उद्या कोणी विचारलं तर पार्ट रीतसर आल्याचा एकही कागद तुमच्याकडे नसेल. आणि यूएईशी २०२२पासून व्यापार करार आहे म्हणून दुबईहून ड्युटी कमी लागेल असं कोणी सांगितलं तर ते जपानमध्ये बनलेल्या पार्टला लागू नाही, माल कुठे बनला ते बघतात, कुठून निघाला ते नाही, आणि वर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं जे एका ग्राहकाला किरकोळीत कोणी काढून देत नाही.

ओळखीचं कोणी येत असेल तर बॅग सगळ्यात सोपी, वजनात जड पण मापाने लहान पार्टला छान, बेअरिंग, टायमिंग किट वगैरे. ड्युटी-फ्री मर्यादा किती ते येणाऱ्याला निघायच्या आधी बघायला सांगा आणि बिल बॅगेत ठेवायला सांगा. मात्र गॅस भरलेले शॉक अब्जॉर्बर, एअरबॅग, सीटबेल्टचा प्रीटेन्शनर, बॅटरी हे कोणाच्या बॅगेत टाकायला सांगू नका, हा डेंजरस गुड्सचा माल आहे, विमानतळावर अडचण त्या बिचाऱ्याची होते. कुरिअरसुद्धा असला माल सहज घेत नाही, एअरबॅग हवी असेल तर इथेच शोधा.

इथेच शोधायचं म्हणजे ऑपेरा हाऊसचे स्पेअर पार्टवाले. त्यांचा भाव परदेशी साइटच्या भावाशी लावून बघू नका, घरपोच भावाशी लावा. साइटच्या भावात शिपिंग, ड्युटी, कुरिअरची फी, मार्कअप मिळवून जो आकडा येईल त्यापेक्षा दुकानदार १०-१५ टक्के जास्त सांगत असेल तरी मी दुकानातूनच घेईन, कारण पार्ट बसला नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलता येतो. परदेशातून चुकीचा आला तर परत पाठवायचं भाडं आपलं, भरलेली ड्युटी परत मिळवायला वेगळी प्रोसिजर, आणि बरोबर पार्टवर पुन्हा ड्युटी. गॅरेजवाला म्हणेल आमच्या जीएसटीवर मागवतो, स्वस्त पडेल. त्याला आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण विकताना तो तुम्हाला जीएसटी लावणारच, फायदा त्याने भाव कमी केला तरच.

सेकंडहँड इंजिन किंवा गिअरबॉक्स जपानहून आणायचा विचार असेल तर थांबा, वापरलेले पार्ट आणायला डीजीएफटीचं, म्हणजे परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं, वैयक्तिक ग्राहकाने त्या वाटेला जाऊ नये, कुर्ल्याला सीएसटी रोडवर इथेच उतरवलेलं मिळतंय का ते बघा. नवे टायर २०२०पासून रिस्ट्रिक्टेड आहेत, काच आणि हेल्मेटला बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र लागतं, ही तिन्ही कुठल्याच रस्त्याने मागवू नका.

बाकी कशाला ऑर्डर टाकायची असेल तर व्हीआयएनवरून म्हणजे गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर सेलरकडून लेखी पक्का करून घ्या, खोक्याचं माप घ्या, आणि इन्व्हॉइसवर नुसतं "ऑटो पार्ट" नको, पार्टचं नाव, नवा असल्याचं, किंमत आणि कुठल्या देशात बनला ते लिहून घ्या. ड्युटीची लिंक आली की पैसे भरायच्या आधी कोड आणि धरलेली किंमत तपासा, चूक असेल तर तेव्हाच ईमेल करा, कारण पैसे भरून माल सुटला की दुरुस्तीला महिने जातात.