व्हीलचेअरसाठी भूमिगत टॉर्नेडो शेल्टर: ओक्लाहोमात आमचे वीस हजार डॉलर कसे गेले

ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सास या पट्ट्यात घर घेतलेल्या आणि घरात व्हीलचेअरवरचं माणूस असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. फेब्रुवारी-मार्चपासून इथे शेल्टर विकणारे दारोदार फिरायला लागतात. त्यातले बरेच जण चोख काम करतात. आम्हाला जो भेटला तो त्यातला नव्हता.

आम्ही मूर आणि नॉर्मनच्या मध्ये राहतो. मूर हे नाव इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ३ मे १९९९ ला एफ-५, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीचं, वादळ तिथून गेलं, ३६ माणसं गेली. २० मे २०१३ ला पुन्हा त्याच शहरातून ईएफ-५ (सुधारित मापनातली तीच सर्वोच्च श्रेणी) गेलं, २४ माणसं गेली आणि त्यातली सात प्लाझा टॉवर्स शाळेतली मुलं होती. इथली घरं बहुतेक काँक्रीटच्या स्लॅबवर थेट बांधलेली असतात, खाली तळघर नाही. सायरन वाजला की सहसा दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. सासूबाईंना पक्षाघातानंतर उजव्या बाजूची शक्ती नाही. त्यांना खुर्चीतून उचलून गॅरेजच्या फरशीखालच्या खड्ड्यात उतरवायचं म्हणजे दोन धडधाकट माणसं हवीत, आणि दुपारी घरी असतात ते फक्त ऐंशीच्या घरातले सासरे. म्हणून खुर्चीसकट आत जाता येईल असं शेल्टर आम्ही शोधत होतो.

एका होम शोमध्ये, म्हणजे घरांच्या कामांच्या प्रदर्शनात, या माणसाचा स्टॉल होता. फलकावर मोठ्या अक्षरात 'फेमाप्रमाणित' आणि शेजारी निळ्या खुर्चीचं चित्र. बोलायला अतिशय गोड. आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, वाकून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलला. त्याचं म्हणणं एकच: जमिनीवरची खोली मोठ्या वादळात उडून जाते, जीव वाचतो तो जमिनीखालीच, बाकीचे काँट्रॅक्टर व्हीलचेअरवाल्यांना जमिनीवरची पेटी गळ्यात मारतात, मी खाली उतरणारा रॅम्प करून देतो. मोठं वादळ आलं की टीव्हीवरूनही 'जमिनीखाली जा' असं इतक्यांदा सांगितलेलं आहे, की हे कानाला खरंच वाटतं.

आता 'फेमाप्रमाणित' या शब्दाचं. फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती निवारण संस्था कुठल्याही कंपनीच्या शेल्टरला प्रमाणपत्र देत नाही, मान्यता देत नाही, शिफारस करत नाही. ती मार्गदर्शक पुस्तिका काढते. घरगुती सेफ रूमसाठी, म्हणजे वादळात आसरा घ्यायच्या भक्कम खोलीसाठी, पी-३२० आणि तांत्रिक निकषांसाठी पी-३६१. बांधकामाचं मानक आहे आयसीसी ५००. खरा काँट्रॅक्टर 'आमचं शेल्टर या निकषांप्रमाणे बांधलंय आणि हा चाचणी अहवाल' असं सांगतो. ती चाचणी अशी असते: १५ पौंडांचा दोन-बाय-चार लाकडी वासा तोफेतून ताशी १०० मैल वेगाने भिंतीवर आणि दारावर मारतात. दार वेगळं, कडी वेगळी, चौकट वेगळी असं चालत नाही, सगळं एकत्र बसवून तपासलेलं लागतं. आम्ही अहवाल मागितला तेव्हा याने चकचकीत कागद पाठवला. त्यावर फेमाचं बोधचिन्ह होतं, प्रयोगशाळेचं नाव नव्हतं.

सौदा आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. एकूण २८ हजार डॉलर, निम्मे आगाऊ. घरी येऊन केलेली अशी विक्री कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येते, असा केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम आहे, आणि रद्द करायच्या फॉर्मच्या दोन प्रती विक्रेत्याने स्वतःहून द्यायच्या असतात. याने फॉर्म दिला नाहीच, वर करारावर तारीख टाकली आधीच्या आठवड्यातली. 'ऑफिसने प्रिंट काढली तेव्हाची आहे,' म्हणे. कागदावर मुदत आमच्या सहीच्या आधीच संपलेली होती. रिबेटचंही गाजर होतं. सूनरसेफ नावाची, शेल्टरच्या खर्चातला काही भाग परत देणारी राज्याची योजना आहे, ती खरी आहे. पण तिच्यात नाव नोंदवावं लागतं, सोडत निघते, आणि निवड व्हायच्या आधी शेल्टर बसवलं तर पैसे मिळत नाहीत. हा सांगत होता, 'आधी बांधू, ७५ टक्के मी परत आणून देतो.'

नकाशातली चूक सर्वात आधी अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पकडली. त्यांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "अगं, हा उतार आहे की घसरगुंडी?" शेल्टरची पोलादी पेटी १० बाय ८ फुटांची, ७ फूट उंच, वर अर्धा फूट माती. म्हणजे आतली फरशी जमिनीपासून साडेसात फूट, ९० इंच खाली. अपंगांच्या सोयीसाठीच्या एडीए मानकात उतार १२ ला १ असतो, एक इंच उतरायला बारा इंच लांबी. ९० इंचांना ९० फूट होतात. शिवाय दर ३० इंचांच्या उताराला पाच फुटांचा सपाट टप्पा लागतो, म्हणजे मधले दोन टप्पे धरून शंभर फूट. नकाशात रॅम्प होता वीस फुटांचा! पावणेतीन फुटाला एक फूट. त्यावरून आईंची खुर्ची हातातून सुटली असती तर थेट दारावर आदळली असती, आणि वर चढवायला तर आम्ही तिघंही पुरलो नसतो.

फोनवर त्याचं उत्तर तयार होतं: एडीए खासगी घराला लागू नाही. हे खरं आहे. पण कायदा लागू नाही म्हणून उतार सपाट होत नाही. ही त्याची युक्ती मला नंतरही अनेकदा आठवली. प्रत्येक खोट्याशेजारी तो एक खरं वाक्य ठेवायचा. आत दोन्ही भिंतींना दोन-दोन फुटांचे बाक दाखवले होते, मध्ये उरत होते चार फूट. खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. 'नकाशा ढोबळ आहे, साइटवर ॲडजस्ट करतो.' मग म्हणाला, रॅम्पऐवजी विजेची लिफ्ट बसवू. टॉर्नेडोत आधी जाते ती वीज. बॅटरीचं विचारलं तर 'तोही ऑप्शन आहे.'

त्या सगळ्या बोलाचालीत खड्डा मात्र खणून झाला. पैसे परत मागायची भाषा सुरू झाली की असे लोक सर्वात आधी मशीन आणून उभं करतात, हे पुढे वकिलाने सांगितलं. अंगणात भगदाड पडलं की माणूस करार मोडायला धजत नाही. परवाना काढला होता का? शहराच्या बांधकाम विभागात विचारलं तर आमच्या पत्त्यावर अर्जच नव्हता. खणण्याआधी ८११ वर फोन करून गॅस आणि केबलच्या लाइनींवर खुणा करून घ्याव्या लागतात, तेही केलेलं नव्हतं. काही फुटलं नाही हे नशीब.

पेटी आली त्या दिवशी त्याने आणखी सहा हजार घेतले, करारात 'पोलाद साइटवर आल्यावर' असं होतंच. पेटी खड्ड्यात ठेवली, भोवती माती भरायची बाकी होती, आणि पाऊस आला. इथली लाल चिकणमाती पाणी मुरू देत नाही. सकाळी पेटी एका बाजूने उचललेली, तिरकी होऊन तरंगत होती.

अण्णांना यात नवल काहीच वाटलं नाही. पेटीचा तळ ८० चौरस फूट. फूटभर पाणी साचलं तरी ते पाच हजार पौंडांनी वर रेटतं. पूर्ण पेटी भूजलात बुडाली तर हा रेटा ३५ हजार पौंडांच्या आसपास जातो. करारात पाव इंच, म्हणजे दोन सूत जाडीचा पत्रा लिहिला होता. त्या जाडीच्या पेटीचं वजन जेमतेम सव्वाचार हजार पौंड भरतं. अण्णांनी दाराच्या कडेला कॅलिपर लावला, पत्रा निघाला एक सूत. वजनही निम्मं. भूमिगत शेल्टरला खाली काँक्रीटचं जड बूड आणि त्यात पक्कं रोवलेले अँकर लागतात ते याचसाठी, आणि आमच्या नकाशात त्यांची रेघसुद्धा नव्हती. दाराला बिजागऱ्या साध्या, कडी एकच. शिवाय रॅम्पच्या तळाशी पावसाचं पाणी जमणार, त्याचा पंप विजेवर, आणि दार बाहेर उघडणारं. वादळाने रॅम्पमध्ये एक झाड आणून टाकलं असतं तर आतून दार उघडलंच नसतं.

त्याला बोलावलं तर म्हणाला, 'माती भरली की बसेल खाली,' आणि अँकरिंगचे म्हणून वेगळे पैसे मागितले. आम्ही दिले नाहीत. त्यानंतर फोन बंद. पत्त्यावर गेलो तर ती टपालपेटी भाड्याने देणारी जागा निघाली. ओक्लाहोमात वीज, प्लंबिंग अशा कामांना राज्याचा परवाना लागतो, पण साध्या बांधकाम काँट्रॅक्टरला लागत नाही, त्यामुळे 'लायसन्स रद्द करा' म्हणून कुणाकडे जायचीही सोय नव्हती.

आणि मग आलं पत्र. खड्डा खणणाऱ्याचे पैसे याने बुडवले होते. तो बिचारा घरावर बोजा चढवायच्या तयारीत. आपण मुख्य काँट्रॅक्टरला पैसे दिले तरी त्याच्या हाताखालचे, माल पुरवणारे असे दावे करू शकतात. वकिलाने मध्ये पडून थोडक्यात मिटवलं. आता कुणाचंही काम असो, प्रत्येक हप्त्याआधी हाताखालच्या सगळ्यांकडून 'पैसे मिळाले, बोजाचा हक्क सोडला' असं लेखी घेते. चांगला काँट्रॅक्टर कपाळाला आठी न घालता देतो.

पैशांचं सांगायचं तर वीस हजार गेले ते गेलेच आहेत. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, इथे दहा हजारांपर्यंतच दावा करता येतो, म्हणून मोठ्या कोर्टात जावं लागलं आणि तिथे वकिलाची फी वेगळी. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागात तक्रार फुकट करता येते, ती केली आहे. निम्मे पैसे क्रेडिट कार्डने दिले असते तर बँकेकडे वाद तरी उभा करता आला असता. त्याने कार्डावर तीन टक्के जास्त लावून आम्हाला चेककडे वळवलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही जमिनीखाली गेलोच नाही. गॅरेजच्या स्लॅबवर आयसीसी ५०० प्रमाणे चाचणी झालेली पोलादी सेफ रूम बसवली. २०१३ च्या वादळानंतर मूरमध्ये केलेल्या पाहणीत नीट अँकर केलेल्या, जमिनीवरच्या सेफ रूम टिकलेल्या दिसल्या होत्या. हे इथल्या कुठल्याही होम शोमध्ये विचारा, प्रामाणिक माणूस सांगतो. घरातून गॅरेजमध्ये सहा इंचांची पायरी होती, तिथे सहा फुटांचा लाकडी रॅम्प केला. दार ३६ इंचांचं, उंबरठा जवळपास सपाट. बसवणाऱ्याने स्लॅबची जाडी भोक पाडून आधी पाहिली, अँकर ओढून दाखवले आणि एका बाजूचा बाक स्वतःच काढून टाकला, खुर्ची वळावी म्हणून. वादळानंतर शोधणाऱ्यांना कळावं म्हणून शेल्टरची जागा शहराकडे नोंदवली. दर शनिवारी दुपारी बाराला सायरनची चाचणी असते, तेव्हा अण्णा घड्याळ लावून आईंना एकटेच आत नेऊन बघतात. जमतं.

यंदाच्या होम शोमध्ये तो स्टॉल पुन्हा होता. नाव दुसरं, बसलेली माणसं दुसरी, फलकावर रॅम्पचं चित्र तेच. मी वकिलाला फोटो पाठवला. तुम्हाला कुठे ते चित्र दिसलं तर आतली फरशी किती इंच खाली आणि रॅम्प किती फूट लांब, एवढंच विचारा; पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर पुढच्या स्टॉलवर जा.