२०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमधला एल्ड्रिच नाइट, अकराव्या लेव्हलपर्यंत खेळून झाल्यावर

आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी विचारलं की डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी) या टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग गेमचं हे नियमांचं पुस्तक नुसत्या एका सबक्लाससाठी घ्यावं का, त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथे नीट लिहितोय. पुस्तक ३८४ पानांचं आहे, १२ क्लास (पात्रांचे प्रकार) आणि ४८ सबक्लास (त्यांच्या उपशाखा), अमेरिकेतली छापील किंमत ४९.९९ डॉलर, आणि डीएनडीच्या फुकट मिळणाऱ्या बेसिक रुल्समध्ये फायटरचा फक्त चॅम्पियन आहे, म्हणजे एल्ड्रिच नाइट, फायटरचा (लढवय्याचा) स्पेल टाकणारा सबक्लास, हवा असेल तर हे पुस्तक लागतंच. मी बाकीच्या ४७ बद्दल काही बोलणार नाहीये.

मला पहिल्यापासून चिलखत घालून सगळ्यात पुढे उभं राहायला आवडतं आणि स्पेलही (जादूचे मंत्र) सोडवत नाहीत. २०१४ च्या नियमांत मी हाच सबक्लास दोन वेळा खेळलो आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडकलो. या सबक्लासला सातव्या लेव्हलला मिळणारं वॉर मॅजिक तेव्हा असं होतं की तुमच्या टर्नमधल्या मुख्य अ‍ॅक्शनमध्ये कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल) टाका आणि मग त्याच टर्नमधल्या जादा, छोट्या बोनस अ‍ॅक्शनमध्ये शस्त्राचा एक वार करा. सातव्या लेव्हलला ठीक वाटायचं, कारण तेव्हा फायटरचे तसेही दोनच वार असतात. पण अकराव्या लेव्हलला तिसरा वार मिळतो आणि सगळं गणितच फिरतं, साधा अटॅक केला तर तीन वार, कॅन्ट्रिप टाकली तर ती आणि वर एक वार, आणि बोनस अ‍ॅक्शनही गेली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा सबक्लास घेतला तीच करू नका असं नियमच सांगायचे, आणि मी मुकाट्याने तलवार चालवत बसायचो, स्पेल नुसते कॅरेक्टर शीटवर.

२०२४ मध्ये हे एका वाक्यात बदललंय. आता अटॅक अ‍ॅक्शन घेतली की त्यातल्या एका वाराच्या जागी विझार्डची (जादूगार क्लासची) कॅन्ट्रिप टाकता येते. बस. बोनस अ‍ॅक्शन शाबूत राहते, अकराव्या लेव्हलला दोन वार आणि एक कॅन्ट्रिप असं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याच टर्नमध्ये दुसरी मुख्य कृती देणाऱ्या अ‍ॅक्शन सर्जमध्येही हे चालतं. नव्या नियमात सर्जची जादा अ‍ॅक्शन मॅजिक अ‍ॅक्शन म्हणून वापरता येत नाही, म्हणजे तिच्यात थेट स्पेल टाकता येत नाही, पण इथे कॅन्ट्रिप अटॅकच्या पोटातूनच येते म्हणून आडकाठी नाही. मला हे वाचून खरंच फार आनंद झाला, कितीतरी वर्षं हेच हवं होतं.

आता कॅन्ट्रिप कुठली, तर इथे मला जरा सविस्तर बोलायचंय कारण बरेच जण इथेच चुकतात. या पुस्तकातली ट्रू स्ट्राइक पूर्ण बदललेली आहे, आता तिच्यातूनच शस्त्राचा वार होतो आणि पाचव्या लेव्हलपासून १ डी ६ (सहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढं) रेडियंट, म्हणजे प्रकाशाचं, डॅमेज जास्त मिळतं. ऐकायला भारी, पण तो वार स्ट्रेंग्थवर न होता इंटेलिजन्सवर होतो. माझी स्ट्रेंग्थ १८ (बोनस +४) आणि इंटेलिजन्स १४ (बोनस +२) होती, म्हणजे लागण्याच्या रोलमध्ये दोन कमी, डॅमेजमध्ये दोन कमी, आणि बदल्यात सरासरी साडेतीन. फायदा कसाबसा दीड, तोही लागला तर. त्यापेक्षा २०२० च्या जुन्या पुस्तकातली बूमिंग ब्लेड घ्या, तो वार तुमच्या नेहमीच्या स्ट्रेंग्थवरच होतो, पाचव्या लेव्हलपासून लागल्यावर १ डी ८ थंडर (गडगडाटाचं) डॅमेज जास्त, आणि समोरचा तुमच्या पुढच्या टर्नच्या आत स्वतःहून पाच फूट जरी हलला तरी त्याला अजून २ डी ८. मी वॉरहॅमर घेतला होता, त्याला नव्या वेपन मास्टरीत (प्रत्येक शस्त्राची खास करामत) पुश आहे, म्हणजे लागला की समोरचा दहा फूट मागे. ढकलल्याने तो थंडर फुटत नाही, पण परत मला मारायला यायचं तर त्याला चालावंच लागतं ना! नाही आला तर त्याची टर्न वाया. एका सेशनमध्ये अरुंद जिन्यावर मी एकट्याने एक ओगर (धिप्पाड राक्षस) असा चार राउंड अडवून धरला आणि मागे आमची क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी पुजारीण) आरामात सगळ्यांना उभं करत होती, त्या जिन्याचा विषय आम्ही अजून काढतो.

दहाव्या लेव्हलचं एल्ड्रिच स्ट्राइक जुनंच आहे पण आता त्याची खरी मजा येते. तुमचा वार ज्याला लागला त्याला, तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत, तुमच्या पुढच्या स्पेलविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोवर (स्पेलमधून वाचायच्या रोलवर, दोनदा टाकून कमी आकडा धरायचा असं) डिसअ‍ॅडव्हान्टेज. पूर्वी आपले बहुतेक स्पेल अ‍ॅबज्युरेशन आणि इव्होकेशन या दोनच स्कूलमधून (जादूच्या शाखांमधून) घ्यावे लागायचे, ते बंधन आता गेलंय, म्हणून समोरच्याला जागीच खिळवणारा होल्ड पर्सन सातव्या लेव्हललाच घेता येतो. एका टर्नला वार, पुढच्या टर्नला होल्ड पर्सन, शत्रूचा सेनापती जागीच थिजला, मग सर्ज आणि दोन वार, आणि थिजलेल्याला जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट). आमच्या डीएमने (खेळ चालवणारीने) ज्या लढाईला अख्खी संध्याकाळ राखून ठेवली होती ती अर्ध्या तासात आटोपली आणि तिनेच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

वॉर बाँड पण छान आहे, दोन शस्त्रांशी नातं जोडायचं आणि मग ती त्याच प्लेनवर (त्याच विश्वात) कुठेही असली तरी एकेक करून बोनस अ‍ॅक्शनने हातात. राजवाड्याच्या दारावर पहारेकऱ्यांनी सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली तेव्हा याची किंमत कळते.

आता जे पटलं नाही ते. तिसऱ्यापासून सहाव्या लेव्हलपर्यंत हा सबक्लास तुम्हाला नुसता वाट बघायला लावतो. दोनतीन स्लॉट (कॅन्ट्रिप सोडून बाकीचे स्पेल टाकायचा कोटा), आणि कॅन्ट्रिप टाकायची तर अख्खी अ‍ॅक्शन जाते, पाचव्या लेव्हलला तर त्यापायी दोन्ही वार सोडावे लागतात. आम्ही महिन्यातून दोनदा खेळतो, त्या हिशोबाने हा काळ फार मोठा आहे, आणि कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) सहाव्या लेव्हलच्या आतच गुंडाळायचं असेल तर मी हा सबक्लास घेऊ नका असंच सांगेन. सातव्या लेव्हलला सुद्धा पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट, संपले की लाँग रेस्टपर्यंत (पात्राच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत) काही नाही. मी जवळपास सगळे शील्ड स्पेलवरच घालवले, प्लेट चिलखत, ढाल आणि डिफेन्स ही लढायची शैली मिळून एसी (मला मारायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २१ आणि शील्ड टाकला की २६, मग दुसरं काही टाकायचा मोह होतच नाही.

आणि हातांचा प्रश्न अजून तसाच आहे. एका हातात हातोडा, दुसऱ्यात ढाल, तर शील्ड स्पेलला लागणारा मोकळा हात कुठून आणायचा? बूमिंग ब्लेडला शस्त्रच साहित्य असल्यामुळे अडत नाही, पण शील्डला अडतं, म्हणून हात भरलेले असतानाही स्पेल टाकू देणारं वॉर कास्टर फीट (निवडून घ्यायचं जादा कौशल्य) घ्यावंच लागतं. आता त्यात इंटेलिजन्स एकने वाढवता येतं, हे त्यातल्या त्यात बरं. तरी जो सबक्लास शस्त्र आणि स्पेल एकत्र वापरण्यासाठीच आहे त्याला ही सोय मुळातच द्यायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. दोन हातांची तलवार घेतली तर हा त्रास नाही, वार नसेल तेव्हा एक हात सोडता येतो.

वारातच स्पेल भरून मारायचा असेल तर पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमच्या दुसऱ्या आवृत्तीतला मेगस हा क्लास बघा, तिथे स्पेलस्ट्राइकला दोन अ‍ॅक्शन आणि परत तयार करायला एक, त्याची लय वेगळीच आहे आणि मलाही आवडते. पण तिथे दर टर्नला हिशोब, इथे मुळात फायटर आहे, दणकट, स्लॉट संपले तरी उभा राहणारा.

पाचपैकी चार देतो. जुनं २०१४ चं पुस्तक घरात असेल आणि एल्ड्रिच नाइट खेळायचा असेल तरी नवीन घ्याच, आणि कॅम्पेन सुरू व्हायच्या आधीच डीएमला विचारून ठेवा की २०२० मधली बूमिंग ब्लेड चालेल का, कारण नाही म्हणाले तर ट्रू स्ट्राइकवर भागवावं लागेल आणि त्यासाठी इंटेलिजन्स पहिल्या दिवसापासून १६ हवं, ते मागाहून वाढवायला गेलं की स्ट्रेंग्थ मागे पडते.