रत्नागिरीतली तासावरची डार्करूम: बर्फ आपला आपण आणायचा

डार्करूम म्हणजे फिल्मचे रोल धुवायची आणि फोटो कागदावर उतरवायची काळोखी खोली. ती ज्या स्टुडिओत तासावर मिळते त्याचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगते. स्टुडिओवाल्या काकांनी बजावलंय, "नाव घालू नको गो. उद्या मुंबईची माणसं येतील नि विचारतील, एसी कुठाय?" एसी नाहीच आहे. बाजारपेठेतून मागच्या बोळात वळलं की सायकलच्या दुकानाशेजारी पासपोर्ट फोटोची एक उन्हानं विटलेली पाटी दिसते. तिथं जाऊन "मागची खोली उघडी आहे का?" एवढं विचारायचं. उघडी असेल तर तासाला दीडशे रुपये. रसायनं त्यांची, कागद तुमचा. बर्फही तुमचाच, त्याबद्दल पुढं सांगते.

मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायच्या यंत्राची, आकृती काढली, आम्ही ती वहीत काढली आणि परीक्षेत परत काढली. सहा मार्क. कॉलेजात डार्करूम आहे, म्हणजे दारावर तसा बोर्ड आहे. आत गॅदरिंगचे पडदे आणि मोडक्या खुर्च्या. दुसऱ्या वर्षी नव्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, एक रोल, छत्तीस फोटो, एक कॉन्टॅक्ट शीट (सगळे फोटो छोटे छोटे एकाच कागदावर), चार प्रिंट. कुठं करायचं ते तुमचं तुम्ही बघा. अर्ध्या वर्गानं रोल कुरिअरनं मुंबईला पाठवले. माझ्याकडे मामाचा पेंटॅक्स के१००० कॅमेरा होता. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं निघालेलं हे धूड, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती, ती संपली तरी शटर आपलं चालूच. रोल इलफर्डचा एचपी५ प्लस, काळा-पांढरा. तो घेतल्यावर कुरिअरपुरते पैसेच उरले नाहीत. अशी मी त्या बोळात पोचले.

पहिल्या दिवशी काकांनी मला डार्करूममध्ये घेतलंच नाही. एक वाया गेलेला रोल आणि फिल्म गुंडाळायचं एक स्टीलचं रीळ हातात दिलं आणि म्हणाले, घरी जा, आठ दिवस गोधडीत हात घालून हे भरायची सवय कर. आईला वाटलं, पोरीला थंडी वाजतेय. फिल्म रिळावर चढवून रसायनाच्या बंद टाकीत भरताना लाल दिवासुद्धा चालत नाही, कारण ही फिल्म सगळ्या रंगांना जागी असते. लाल दिवा चालतो तो फक्त कागदाला. म्हणजे संपूर्ण काळोख, आणि त्यात घामानं चिकट झालेली बोटं. काकांकडे प्लॅस्टिकचंही रीळ आहे, पुढं-मागं फिरवलं की फिल्म आपोआप ओढून घेणारं. मी शहाणपणा करून तेच मागितलं. आपल्याकडच्या दमट हवेत ते अर्ध्यावर अडलं, मी जोर लावला, आणि फिल्मला फिल्म चिकटली. जिथं चिकटली तिथं रसायन पोचलंच नाही. निगेटिव्हवर दही सांडल्यासारखे पांढरट पट्टे, सहा फोटो गेले. नवीन माणसानं स्टीलचंच मागावं. आधी छळतं, नंतर दगा देत नाही.

आता बर्फ. काकांची सगळी गणितं वीस अंशांची. एचपी५ ला त्यांचा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) निम्म्यास निम्मं पाणी घालून वीस अंशाला अकरा मिनिटं लागतात. एप्रिलमध्ये त्यांच्या नळाचं पाणी तीस अंशांचं होतं, मी स्वतः मोजलंय. दर अंशाला साधारण दहा टक्के वेळ कमी करायचा असा हिशोब असतो, पण तसं करत तीस अंशांपर्यंत गेलात तर वेळ इतका कमी होतो की टाकीत ओतून परत काढेपर्यंत फिल्म एकीकडे गडद नि एकीकडे फिकी. म्हणून परातीत बर्फ, बर्फात बाटल्या, बाटलीत थर्मामीटर. माझे बाबा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत, त्यामुळे मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून थर्माकोलच्या पेटीतून बर्फ आणणं मला अवघड नाही. पहिल्यांदा मी मासळीच्याच पेटीतला उरलेला बर्फ नेला. काकांनी झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाले, "बांगडा?" बांगडाच होता. बर्फ बाटलीच्या बाहेर राहतो, फिल्मला काही होत नाही, पण पुढं पासपोर्ट फोटोसाठी बसलेल्या नवरदेवाचं तोंड बघण्यासारखं झालं.

डेव्हलपर काका पाकिटातला आणत नाहीत, स्वतः तोलतात. हे एवढं बघायला म्हणून तरी जा. सोनाराकडचा जुना काटा आहे. डी-७६, १९२० च्या दशकातला कोडॅकचा फॉर्म्युला, एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. पाणी पन्नास अंशांच्या आसपास. आधी सल्फाइटची फक्त एक चिमूट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की बाकीचं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. सल्फाइट सगळं आधी ओतलं तर मेटॉल विरघळायला मागत नाही, तरंगत राहतं. मी "का?" विचारलं. काका म्हणाले, "आमटीत मीठ कधी घालायचं हे आई सांगते, का ते सांगते काय?" शिकवण्याची त्यांची पद्धत ही अशी. समजून सांगणारा माणूस हवा असेल तर इथं वैतागाल. मला दोनदा रडू आलंय. पण त्यांची एक वही आहे, त्यात आलेल्या प्रत्येकानं आपली चूक, तारीख आणि तापमान लिहायचं असतं. ती वही मॅडमच्या नोट्सपेक्षा उपयोगी आहे.

फिक्सरला, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाला, ते हायपोच म्हणतात. सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेलनं १८१९ मध्ये दाखवलं, हे मी पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. पण हायपोचे खडे पाण्यात टाकले की भांडं हाताला एकदम गार लागतं हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. बाहेर छत्तीस अंश, आणि माझ्या हातात गार होत चाललेली बादली. मी ती जरा वेळ पोटाशीच धरून बसले.

शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्यानं. गॅरेजवाल्याकडे डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मिळतो तो. विहिरीच्या पाण्यानं धुतलं की वाळल्यावर निगेटिव्हवर क्षारांचे ठिपके उठतात. मग कपड्याचे चिमटे लावून दोरीवर टांगायचं. जुलैमध्ये माझा दुसरा रोल सकाळपासून संध्याकाळपर्यंत टांगला तरी चिकट होता, आणि त्यावर पावसाळ्यातलं एक पाखरू येऊन बसलं, ते बसलंच. जिलेटिनात पाय रुतलेले. प्रिंटमध्ये भाट्याच्या पुलावर एक पांढरं सहा पायांचं काहीतरी दिसतं. काकांनी ते बारीक ब्रशनं भरून दिलं. हे त्यांचं खरं काम. पूर्वी लग्नाळू मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण ते निगेटिव्हवरच टोकदार पेन्सिलीनं घालवायचे. ते तिरकं काचेचं मेज अजून खिडकीपाशी आहे. विनंती केली तर दाखवतात. घाई केली तर नाही.

प्रिंटिंगबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिच्यापायी मी आठ कागद घालवले. तबकात कागद हलवत असताना चित्र वर येतं, तो क्षण छान असतो हे सगळेच सांगतात. असतोच. पण लाल दिव्यात चित्र आहे त्यापेक्षा गडद वाटतं. मग आपण घाबरतो, "जळलं जळलं" म्हणत वेळेआधी बाहेर काढतो, आणि उजेडात आणल्यावर राखाडी, पांडुरोग झाल्यासारखं चित्र हाती लागतं. मी आठ वेळा तेच केलं. नवव्या वेळी काकांनी माझं मनगट धरून ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "डोळ्यानं नको, काट्यानं." एक मिनिट पूर्ण झाल्यावर सोडलं. तो पहिला प्रिंट: जेटीवर करवंट्यांच्या ढिगाशेजारी झोपलेला कुत्रा. फोटो म्हणून सामान्य आहे. पण काळा रंग काळा आहे.

इलफर्डचा मल्टिग्रेड कागद वापरा, आरसी म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला. तो दोन मिनिटांत धुऊन होतो. फायबरचा कागद सुंदर, पण त्याला तासभर वाहतं पाणी लागतं आणि मे महिन्यात तेवढं पाणी मागितलंत तर काकू आतून येतील. कागद मी ऑनलाइन मागवला तेव्हा दुकानदारानं दमट खोका पाठवला, कडा आधीच करड्या. नाव घेत नाही, पण बिल जपून ठेवा. काकांच्या कपाटात 'इंदू' कागदाचा एक जुना खोका आहे, आता त्यात फिल्टर असतात. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी होती, १९६० साली स्थापन झालेली, तिचा हा ब्रँड. काका तो खोका फेकू देत नाहीत. कारखाना बंद झाला, आता इंग्लंडहून येणाऱ्या कागदाचे भाव बघून कुरकुरायचं एवढंच आपल्या हातात.

त्या फिल्टरांवरून आठवलं. इथं फोटो काढणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट मला या खोलीत कळली. माझ्या पहिल्या रोलमध्ये जांभ्याच्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, आणि मागच्या कलमांचे दहा फोटो होते. डोळ्याला केवढा फरक, तांबडा दगड, हिरवी पानं. प्रिंटमध्ये दोन्ही एकाच राखाडी रंगाचे, गडगा कुठं संपतो नि झाड कुठं सुरू होतं ते कळेना. मी कागदाचा ग्रेड, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, वाढवत बसले, काही उपयोग नाही. काकांनी पेटीतून लेन्सवर लावायचा लाल फिल्टर काढून दिला. तो लावून परत काढले. जांभा उजळला, पानं काळोखली, आभाळ गडद. त्यात तो फिल्टर तीन स्टॉप, म्हणजे आठातले सात भाग, प्रकाश खातो, म्हणून दुपारचं ऊन पाहिजे नाहीतर स्टँड. थिबा पॅलेसच्या तांबड्या भिंतींवरही करून बघितलं. कोकणात काळा-पांढरा रोल घालून फिरणाऱ्यानं हा फिल्टर घ्यावा आणि मग पुढचं बोलावं.

उणिवा सांगते, नाहीतर काका म्हणतील लोणी लावलं. एक्झॉस्ट पंखा आवाज करतो, हवा ओढत नाही. सव्वा तासानंतर स्टॉप बाथच्या (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या आम्लाच्या पाण्याच्या) व्हिनेगरसारख्या वासानं डोकं धरतं. एन्लार्जरच्या पन्नास एमएमच्या लेन्समध्ये कोपऱ्यात बुरशी आहे. काका लेन्सा लाकडी कपाटात पंधरा वॅटचा बल्ब चोवीस तास पेटता ठेवून त्यात ठेवतात, तरी कोकणातली बुरशी ती. प्रिंटच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जरा दुधाळपणा येतो, लेन्सचं छिद्र लहान करून एफ८ ला ठेवलं की बराच कमी होतो. व्होल्टेज उतरलं की बल्ब मंद होतो आणि बारा सेकंदांचं एक्सपोजर दहासारखं येतं. स्टॅबिलायझर आहे, पण तो लावायची आठवण आपण करून द्यायची. लाईट पूर्ण गेली तर मात्र इथं एक गंमत होते: फिल्म भरणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

मॅडमनी माझी कॉन्टॅक्ट शीट भिंगातून बघितली. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे छत्तीसच्या छत्तीस, एका कागदावर, ओळीनं. मोबाइलवर आपण नको ते पुसतो, इथं पुसता येत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सात ते बारा नंबरवर पेन ठेवून विचारलं, "हे सहाही एकाच मांजराचे?" सहाही एकाच मांजराचे. "मग सातव्यात मिळालं नव्हतं काय?" मिळालं होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं. हे मी जसंच्या तसं सांगितलं आणि मार्क बरे पडले.

मैत्रिणीनं विचारलं, पाचात किती स्टार? चार. अर्धा पंख्याचा कापला, अर्धा लेन्सचा. जायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, नळाचं पाणी त्यातल्या त्यात गार असतं. जून-जुलैत बोटी वर ओढलेल्या असतात, बर्फ मिळवायलाही मग ओळख काढावी लागते. मोबाइल आणि हातातलं चमकतं घड्याळ बाहेर टेबलावर ठेवायचं. सुती जुने कपडे घाला, डेव्हलपरचे तपकिरी डाग जात नाहीत.

आणि आतून "दार उघडू नको" असा आवाज आला तर उघडू नका. मी उघडलं होतं. कागदाचा खोका उघडा होता, काकांचाच. वहीत माझ्या नावापुढं लिहिलंय: १७ कागद, उधार.